मदत हवी आहे: रात्री फार गरम होतं, थंड पाण्याचं कूलिंग पॅड गोव्याच्या दमट हवेत चालतं का?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळ राहते, वय ४९. गेले आठ-नऊ महिने पाळी जायच्या वयातले हॉट फ्लॅशेस सुरू आहेत, दिवसा कामाच्या नादात निभावतं पण रात्री हाल होतात. दोन-अडीचला जाग येते ती छातीपासून मानेपर्यंत भडका उठूनच, गाऊन पाठीला चिकटलेला, उशी ओली, आणि पाचेक मिनिटांत तोच घाम गार पडून अंगावर काटा येतो. मग उठायचं, न्हाणीत जाऊन पायांवर पाणी ओतायचं आणि हॉलमध्ये उघड्या लादीवर आडवं व्हायचं. लादीवर डोळा लागतो, पण सकाळी कंबर धरलेली असते.

एसी आहे. मिस्टरांना सायनसचा त्रास, २४ वर लावला की त्यांचं नाक बंद आणि सकाळी डोकं जड, २७ वर लावला तर मला पुरत नाही. वेगळ्या खोलीत झोपा असं कृपया सांगू नका, दुसऱ्या खोलीत सासूबाई असतात आणि तसंही मला ते नकोय. डॉक्टरांचं चालू आहे, थायरॉइड तपासून झालं, त्यामुळे गोळ्यांचं राहू दे, मला फक्त गादीचं विचारायचंय.

गेल्या महिन्यात ऑनलाइन एक जेलची मॅट मागवली. पहिली वीस मिनिटं इतकं बरं वाटलं की मी मिस्टरांना उठवून हात लावून बघायला लावलं, आणि तासाभरात पाठीखाली शेकायची पिशवी ठेवल्यासारखं झालं. नंतर वाचून कळलं की जेल स्वतः काही थंड करत नाही, अंगातली उष्णता ओढून घेतं आणि भरलं की त्याचं काम संपलं, खोली गार असली तरच ती उष्णता परत बाहेर जाते. मेणासारखा पदार्थ भरलेली महागडी पॅड असतात ना, जो साधारण २८ डिग्रीच्या आसपास वितळताना उष्णता शोषतो, त्याचंही तेच. मे महिन्यात आमच्या बेडरूममध्ये रात्री २९-३० असतं म्हणजे ते मेण मी झोपायच्या आधीच वितळलेलं असणार. जुनं चिऱ्यांचं कौलारू घर होतं तोवर एवढं नव्हतं, आता वर स्लॅब आहे, दिवसभर तापतो आणि रात्री बाराला भिंतीला हात लावा, कोमट लागते.

आता मुख्य प्रश्न. भाचा इंग्लंडला स्विंडनमध्ये असतो, चवथीला येणार आहे आणि मावशी तुला काय आणू म्हणून मागे लागलाय. तिकडे बारीक नळ्या शिवलेलं पॅड मिळतं, बेडशेटच्या खाली घालायचं, बाजूला एक यंत्र ते पाणी थंड करून फिरवतं, एका माणसापुरतंही मिळतं म्हणजे मिस्टरांची बाजू तशीच राहील. तिकडचा करंट आपल्यासारखाच २३० व्होल्ट, फक्त प्लग वेगळा, तेवढं जमेल. पण मला भीती आपल्या हवेची आहे. नागपूरला नणंदेकडे कूलर लावला की खोली गार होते, तोच प्रकार इथे केला तर नुसता ओलावा वाढतो आणि अंग आणखी चिकचिकतं. तसंच या पॅडचं होणार का? फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की जशी घामेजते तशा त्या नळ्या घामेजून गादी भिजणार का? आणि पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, गादीत गेली तर ती गादी टाकायचीच. कोकणपट्टीत कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर खरंखुरं सांगा, भाच्याचे पैसे वाया जायला नकोत.

प्रतिसाद (रत्नागिरीकर):
ताई, मी दोन उन्हाळे वापरतोय. तुमची भीती खरी आहे, पहिल्याच आठवड्यात मी पाणी १६ वर ठेवलं आणि सकाळी चादरीखाली हात घातला तर ओलं. खोलीत २९ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २५ च्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. म्हणून पाणी २६-२७ वर ठेवायचं. एवढ्यानं काय होणार असं वाटेल, पण आपली कातडी ३३-३४ असते, पाठीखालून उष्णता सतत निघत राहते, जेलसारखी भरून थांबत नाही. मात्र नुसतं पाणी हवेत उडवून गार करणारं यंत्र घेऊ नका, त्याची गत तुमच्या कूलरसारखीच होईल, आत खरोखर थंड करणारं हवं. ते यंत्र काढलेली उष्णता खोलीतच सोडतं, पलंगाखाली कोंबू नका. आणि गादी फोमची असेल तर आधी ती बदला, मेमरी फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. काथ्याच्या गादीवर पातळ सुती चादर, बास. जाड बेडशीट घातलंत तर पॅड असून नसल्यासारखं.

एसी २७ वरच ठेवून ड्राय मोड लावून बघा. हवेतला ओलावा कमी झाला की घाम सुकतो, साहेबांनाही त्रास नाही.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. आमची गादी फोमचीच निघाली! काल रात्री माळ्यावरची काथ्याची जुनी गादी काढली, दिवसभर उन्हात घातली होती, वर सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं अंथरलं आणि एसी २७ वर ड्राय. भडका आला, जाग पण आली, पण उशी भिजली नाही आणि मला लादीवर जावं लागलं नाही. मिस्टर न शिंकता उठले. तरी पाठ तापतेच, म्हणून पॅड हवंच आहे, भाच्याला थंड करणारंच यंत्र बघ म्हणून मेसेज टाकलाय.

अजून दोनच गोष्टी सांगा. नळ्यांतलं पाणी किती दिवसांनी बदलता, आमच्या विहिरीचं चालेल की डिस्टिल्ड आणायचं, आणि आत शेवाळ धरू नये म्हणून काय घालता? दुसरं म्हणजे मिरगाच्या सुमारास आमच्याकडे वादळ आलं की लाईट तास-दोन तास जाते, तुमचं इन्व्हर्टरवर चालतं का? यंत्राच्या मागे किती वॅट लिहिलंय तेवढं बघून कळवलंत तर आमच्या इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवते.