मदत हवी आहे: तीन वर्षांच्या लेकीसाठी खणाचं परकर-पोलकं

मैत्रिणींनो, दिवाळीसाठी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणलाय. जांभळा, काठ लालभडक, इतका सुरेख की कात्री लावायला हात धजत नाही! परकराला घेर भरपूर हवाय, पण खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान. काठ खालीच यायला हवा, मग जोड कुठे द्यावा म्हणजे दिसणार नाही? कमरेला चुण्या बऱ्या की प्लेट्स? खण कडक असल्याने चुण्या फुगतील असं वाटतं. पोलक्याला मऊ मलमलचं अस्तर लावणारच आहे, कारण खणाच्या आतल्या बाजूचे सुटे धागे तिच्या नखांत अडकतात. अस्तर आधी भिजवून घेईन, पण खणही भिजवावा का? रंग काठावर उतरेल का? वाढत्या अंगासाठी किती माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) ठेवता तेही सांगा.