राहुलजींना काय लिहायचं?

(पुण्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप. गुरुवार, १२ मे २०२२)

बी-२०१: संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा परवा गेले. त्यांच्या मुलाला आणि शिष्याला, राहुल शर्मांना, त्यांच्या फेसबुक पानावर आपल्या सगळ्यांतर्फे चार ओळी लिहाव्यात म्हणतोय. कालपासून 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पुढे गाडी सरकत नाहीये. सुचवा.

सी-१०४: भावपूर्ण श्रद्धांजली 🙏🙏

ए-४०३ काका: अहो, श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात. इथे लिहायचंय मुलाला. शेजारी असते तर पिठलं-भाताचा डबा घेऊन गेलो असतो, गप्प बसून आलो असतो. मुंबईत पाली हिलला डबा कसा पाठवणार, म्हणून पत्र.

सी-३०२: "आता ही परंपरा तुम्हालाच पुढे न्यायची आहे" असं टाका. छान वाटेल.

बी-२०१: ते सोडून काहीही. आमचे बाबा गेले तेव्हा जो येईल तो म्हणे, "आता घर तुझ्यावर." दहावासुद्धा झाला नव्हता. खांदा दिल्याचा वळ जायच्या आत दुसरं ओझं कशाला द्यायचं?

सी-३०२: मी वाईट अर्थाने नव्हते म्हटलं.

बी-२०१: नाही हो वहिनी, तेही कोणी वाईट अर्थाने म्हणत नव्हते.

ए-४०३ काका: आणि इथे तर वडील तेच गुरू. शिवकुमारजीही आपल्या वडिलांकडेच शिकले, उमादत्त शर्मांकडे. आधी गाणं आणि तबला. मग वडिलांनीच हातात संतूर दिलं. काश्मिरातलं सूफियाना संगीतातलं वाद्य, शेकडा तारांचं. १९५५ साली मुंबईत ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. म्हणे यात मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, रागदारी कशी येणार! माणसाने आयुष्य घातलं त्यात. वाद्य फार थरथरू नये म्हणून लाकडी तिकाटण्यावरून काढून मांडीवर घेतलं.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी येणार नाही.

डी-५०१: काल जुहूच्या एका सोसायटीत १० ते १ पंडितजींना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. सेक्रेटरीसाहेब, आपल्याकडे असं कोणी आलं तर पार्किंगचं काय कराल?

सेक्रेटरी: व्हिजिटर पार्किंग बंद ठेवून मी स्वतः गेटवर उभा राहीन. थट्टा नाही करत. 'सिलसिला' सिनेमाला त्यांनी हरिप्रसाद चौरसियांसोबत संगीत दिलं होतं, त्याची कॅसेट अजून आहे माझ्याकडे.

सी-१०४: (फोटो) पंडितजींच्या चितेजवळ उभे असलेले तबलावादक झाकीर हुसेन. *यालाच म्हणतात खरा भारत! हिंदू-मुस्लिम ऐक्याचं याहून मोठं उदाहरण...* (पूर्ण वाचा)

डी-५०१: पूर्ण वाचलं. मला आवडलं नाही. फोटो आवडला, मजकूर नाही. किती वर्षं एका मंचावर बसलेली दोन माणसं आहेत ती. आपला माणूस गेला म्हणून एक जण तिथे उभा आहे. त्याला लगेच धडा का करायचा?

ए-४०३ काका: आणि झाकीरभाईंना ते दुःख ठाऊक आहे. फेब्रुवारी २००० मध्ये आदल्या दिवशी बहीण गेली आणि ३ तारखेला वडील, उस्ताद अल्लारखा. तिथेही वडील तेच गुरू.

बी-२०१: हे मला माहीत नव्हतं.

सी-३०२: मग आपण लिहायचं तरी काय? 'महान कलावंत', 'पोकळी भरून निघणार नाही' हे सगळे लिहिणारच.

बी-२०१: आपल्याला त्यांच्याकडून काय मिळालं, तेवढंच लिहू. बाबांच्या वेळी पन्नासेक निरोप आले असतील. लक्षात राहिलाय एकच. त्यांच्या ऑफिसातल्या शिपायाने लिहिलं होतं, "साहेब माझ्या पोराचे इंग्रजीचे अर्ज लिहून द्यायचे." आम्हाला घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.

ए-४०३ काका: मग रमणबागेतलं सवाई लिहा, सवाई गंधर्व महोत्सव. थंडीत शाली गुंडाळून बसायचो, ते सावकाश तारा जुळवत बसायचे. कोणी कंटाळायचं नाही. ते लावणंही ऐकण्यासारखं असायचं.

डी-५०१: येत्या रविवारी भोपाळला कार्यक्रम होता त्यांचा. ८४ वय, त्यात मूत्रपिंडाचं दुखणं.

सी-१०४: भाषा? हिंदीत लिहायचं का?

ए-४०३ काका: मराठीतच लिहा. मुंबईत जन्म काढलाय त्यांनी. आणि आपलं हिंदी वाचून त्यांना आणखी दुःख नको.

बी-२०१: हे बघा:

"राहुलजी, आम्ही पुण्यातल्या एका सोसायटीतले श्रोते. सवाईत तुमच्या बाबांना ऐकत आलो. ते सूर लावत असताना आम्ही कधी घड्याळ पाहिलं नाही. आमच्यातल्या एकांकडे 'सिलसिला'ची कॅसेट अजून आहे. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. आईंना आमचा नमस्कार सांगा."

सी-३०२: छान. माझं वाक्य नाही घेतलंत ते बरं केलंत. शेवटी 'पुन्हा भेटू' वगैरे नका हं टाकू. अशा घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत.

बी-२०१: नाही टाकलं. खाली नुसते फ्लॅट नंबर लिहिलेत, ज्यांना हवं त्यांनी सांगा.

सी-३०२: ३०२ घाला.

डी-५०१: ५०१

सेक्रेटरी: माझा ए-१०२. आणि कॅसेटचं राहू द्या त्यात.

सी-१०४: १०४ पण. तो फॉरवर्ड डिलीट करतोय.