पीसीएस ऑर्डर लागली, व्हीए लोनवालं घर पटकन कसं विकायचं?

मुक्ता_स्प्रिंग्स:
नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. नवरा यूएस आर्मीत, सध्या फोर्ट कार्सनला, आणि आता पीसीएस (लष्करातली कायमची बदली) लागलीय जॉइंट बेस लुइस-मॅकॉर्डला, म्हणजे थेट वॉशिंग्टन राज्यात. रिपोर्टिंग ऑगस्टच्या सुरुवातीला, त्यात मधे त्याचा एक कोर्स आहे त्यामुळे तो जूनमध्येच निघणार आणि मागे मी, दोन पोरं आणि घर. घर कोलोराडो स्प्रिंग्सला, २०२१ साली व्हीए लोनवर (माजी सैनिक खात्याची, म्हणजे व्हीएची हमी असलेलं गृहकर्ज) घेतलेलं, व्याज पावणेतीन टक्के. लोन अजून साधारण तीन लाख डॉलर बाकी, आमच्याच गल्लीतलं असंच एक घर मागच्या महिन्यात साडेचार लाखाला गेलं.

आता घोळ असा की रोज एक नवीन सल्ला मिळतोय. पत्रपेटीत 'आहे तसं घर कॅशमध्ये घेतो, दहा दिवसात क्लोजिंग' (म्हणजे व्यवहार पूर्ण) अशी पिवळी कार्डं येऊन पडतात, त्यातल्या एकाला फोन केला तर माणूस भलताच गोड बोलत होता. चुलतदीर म्हणतो लोनच दुसऱ्याच्या नावावर करून दे, या व्याजदराला लोक रांगा लावतील. आणि नवऱ्याच्या युनिटमधले अर्धे लोक म्हणतात विकूच नका, भाड्यानं द्या. मला खरंतर फक्त एवढंच हवंय की आम्ही तिकडे पोचू तेव्हा इकडचा हप्ता डोक्यावर नसावा, कारण तिकडची घरं बघूनच माझे डोळे पांढरे झालेत. कुणी यातून गेलंय का?

जुना_शिपाई:
मुक्ताताई, आधी एक सांगा, ऑर्डर छापून हातात आलीय की नुसतं असाइनमेंटचं नोटिफिकेशन? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिफिकेशनवर घर विकायला काढलं, कॉन्ट्रॅक्ट सही झालं आणि मग ऑर्डर बदलली असं होतं, आणि विकत घेणारा काही तुमच्या ऑर्डरसाठी थांबत नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये तशी अट घातली नसेल तर तुम्ही अडकलात. तोपर्यंत रंग, साफसफाई, एजंटशी बोलणं वगैरे सगळं करा पण बोर्ड लावू नका.

पिवळ्या कार्डवाल्याचं गणित इथेच करून दाखवतो. हे लोक बहुतेक ७० टक्क्यांच्या हिशोबानं चालतात, म्हणजे घर नीटनेटकं करून जेवढ्याला जाईल त्याचे ७० टक्के, वजा डागडुजी. साडेचार लाखाचे ७० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार, त्यातून तो वीस हजार रिपेअरचे काढणार, राहिले २ लाख ९५. तुमचं लोनच तीन लाख. म्हणजे घर विकून वर खिशातले पैसे घालून यायचं. आणि त्यातले बरेच जण स्वतः विकत घेतच नाहीत, तुमच्याशी कॉन्ट्रॅक्ट करतात आणि ते कॉन्ट्रॅक्ट पुढे तिसऱ्याला विकतात, तिसरा नाही सापडला तर इन्स्पेक्शनचं कारण सांगून शेवटच्या दिवशी हात वर. दहा दिवस त्यांचे, महिना तुमचा गेला. घर जळालंय, पाया खचलाय, वारसांची भांडणं आहेत अशा ठिकाणी ते ठीक. तुमचं चांगलं चालतं घर आहे, एवढं मोल देऊन वेग विकत घ्यायची वेळ आलेली नाही.

गणिती_बाई:
लोन ट्रान्सफरबद्दल मी सांगते कारण त्यावर सगळे अर्धवट बोलतात. व्हीए लोन अझ्युम करता येतं, म्हणजे घेणारा तेच लोन त्याच व्याजानं आपल्या नावावर घेतो, हे खरं, आणि घेणारा सिव्हिलियन असला तरी चालतो. तुमच्या दिरांचा मुद्दाही चूक नाही. समजा मूळ लोन तीन लाख वीस हजारचं, ३० वर्षांचं, तर पावणेतीननं हप्ता येतो साधारण १,३०० डॉलर, आणि तेवढंच नवं लोन साडेसहानं घेतलं तर २,००० च्या वर, टॅक्स-इन्शुरन्स सोडून. कोण नाही म्हणेल?

पण दोन ठिकाणी गाडी अडते. एक म्हणजे मधली रक्कम. घर साडेचारला आणि लोन तीनचं, मग घेणाऱ्यानं दीड लाख आणायचे कुठून? रोख नाहीतर दुसरं लोन, आणि व्हीएच्या मागे दुसऱ्या नंबरवर उभं राहून लोन देणारे फार नाहीत. त्यामुळे रांगेतले निम्मे लोक तिथेच गळतात.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. एन्टायटलमेंट, म्हणजे फौजीला लोनसाठी व्हीएकडून मिळणारा हमीचा हक्क. घेणारा स्वतः पात्र व्हेटरन असेल आणि त्यानं त्याची एन्टायटलमेंट तुमच्या जागी लावली तरच तुमची मोकळी होते. सिव्हिलियननं घेतलं तर तुमच्या मिस्टरांची तिथेच अडकून राहते, ते लोन फिटेपर्यंत. पूर्ण एन्टायटलमेंट असेल तर २०२० पासून व्हीएला लोनची मर्यादा नाही, पण अर्धी अडकलेली असेल तर त्या काउंटीची मर्यादा लागू होते आणि वर घ्यायचं तर डाउन पेमेंट. तुम्ही जाताय टॅकोमा-ऑलिंपियाच्या बाजूला, तिथे हे झोंबेल.

आणि काहीही केलं तरी रिलीज ऑफ लायबिलिटी (लोनच्या जबाबदारीतून मोकळं केल्याचा कागद) लेखी घ्या!! नाहीतर उद्या त्या माणसानं हप्ते चुकवले की फोन तुम्हाला. वेळही लागतो, सर्व्हिसरला (लोनचे हप्ते गोळा करणारी कंपनी) निर्णयासाठी ४५ दिवसांची मुदत आहे पण ती कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून, आणि कागदपत्रं पूर्ण झाली हे तेच ठरवतात. 'पटकन' या शब्दात हे बसत नाही.

पैलतीर:
विकताय कशाला, पावणेतीनचं लोन सोडणं म्हणजे वेडेपणा. भाड्यानं द्या, मॅनेजमेंट कंपनी ठेवा, दहा वर्षांनी बघा.

गणिती_बाई:
@पैलतीर, भाडं हप्त्यापेक्षा जास्त येईलही, पण त्यातून मॅनेजमेंटवाल्याचा वाटा, रिकामे महिने, गारांनी फुटलेलं छप्पर, बंद पडलेला फर्नेस हे काढा आणि मग बोला. शिवाय बेसजवळ भाडेकरू बहुतेक फौजीच असणार, आणि त्यांना पीसीएस लागली की एससीआरए या फौजींना संरक्षण देणाऱ्या कायद्यानं ते लीज मोडू शकतात, जे योग्यच आहे, पण फोन हजार मैलांवरून तुम्ही उचलणार. आणि एन्टायटलमेंट याही मार्गात अडकतेच.

भाड्याच्या बाजूनं एकच गोष्ट मला खरंच पटते. विकताना नफ्यावर अडीच लाख, जोडप्याला पाच लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्यासाठी मागच्या पाचपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असावं लागतं. फौजींना हे पाच वर्षांचं घड्याळ दहा वर्षांपर्यंत थांबवता येतं, नवी ड्युटी घरापासून निदान ५० मैलांवर असेल आणि ऑर्डर ९० दिवसांपेक्षा जास्त मुदतीची असेल तर. म्हणजे भाड्यानं दिलं तरी ही सूट लगेच हातची जात नाही, फक्त भाड्याच्या काळातल्या डेप्रिसिएशनवर (घसाऱ्यावर) टॅक्स द्यावा लागतो. पण मुक्ताला हप्ता डोक्यावर नकोय हे तिनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

उनाड_वारा:
पीसीएसवर घर विकलं तर रिअल्टरची फी सरकार परत देतं ना? आमच्या ऑफिसात एकाला मिळाली होती.

जुना_शिपाई:
तो सिव्हिलियन कर्मचारी असणार. डिफेन्सच्या सिव्हिलियन लोकांना बदलीत घरविक्रीचा खर्च मिळू शकतो, वर्दीवाल्याला नाही. आम्हाला डिसलोकेशन अलाउन्स (बदलीत घर हलवायचा भत्ता) मिळतो, त्यात कमिशन बसत नाही. २००९ साली मंदीत होमओनर्स असिस्टन्स प्रोग्राम पीसीएसवाल्यांसाठी उघडला होता, घर तोट्यात गेलं तर मदत मिळायची, ते दार केव्हाच बंद झालं. जुन्या पोस्टी वाचून आशेवर राहू नका.

मुक्ता_स्प्रिंग्स:
बापरे, एन्टायटलमेंटचं मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. ऑर्डर हातात आहे, तारखेसकट. मग सरळ लिस्टिंगच करायचं असं धरते. पण दोन अडचणी, एक तर पोरांची शाळा मेच्या शेवटापर्यंत आणि सामान न्यायला ट्रक मिळणार जुलैत, मग मेमध्ये गिऱ्हाईक आलं तर आम्ही राहायचं कुठे? आणि नवरा कोर्सला असताना सह्यांचं काय, घर दोघांच्या नावावर आहे.

दारावरची_पाटी:
मी कोलोराडोत एजंट आहे, इथे गिऱ्हाईक शोधायला आलेली नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

लिस्टिंग एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला करा. उन्हाळ्यात जसे तुम्ही निघताय तसेच कार्सनला येणारेही असतात आणि त्यांना शाळा सुरू व्हायच्या आत घर हवं असतं, तेच तुमचे खरे गिऱ्हाईक. लोनवालं गिऱ्हाईक धरलं तर क्लोजिंगला ३० ते ४५ दिवस, म्हणजे जूनचा मध्य. मग रेंट-बॅक मागा, म्हणजे घर विकायचं पण क्लोजिंगनंतर काही आठवडे भाडं भरून तिथेच राहायचं. ६० दिवसांच्या वर मात्र मागू नका कारण घेणाऱ्याला सहसा ६० दिवसांच्या आत स्वतः राहायला यावं लागतं, त्याच्या लोनची अट असते. रेंट-बॅक हवंय हे लिस्टिंगमध्येच लिहा, ऑफर आल्यावर काढलं की घासाघीस सुरू.

किंमत पहिल्या दिवशी बरोबर हवी, घाईतल्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं. चार लाख ऐंशीला लावून बघू, नाही गेलं तर कमी करू, असं ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं. पहिल्या दोन आठवड्यांत बघायला येतात ते खरे घेणारे, नंतर येतात ते पडलेली किंमत बघून अजून पाडायला. आणि व्हीए ऑफर आली तर नाक मुरडू नका (मुरडणारे विकणारे असतात, तेही फौजी!). व्हीएचा अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) सोललेला रंग, तुटका कठडा, गळकं छप्पर असल्या गोष्टी बघतो, त्या आधीच करून ठेवा. कमिशनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याच्या एजंटला किती द्यायचं ते एमएलएसवर (एजंटांच्या सामाईक घरयादीत) लिहीत नाहीत, प्रत्येक ऑफरमध्ये ठरतं, तेव्हा ऑफर वाचताना वरची किंमत बघून नाचू नका, शेवटी हातात काय पडतं ते बघा.

सह्यांसाठी स्पेशल पॉवर ऑफ अटर्नी (एकाच कामापुरतं मुखत्यारपत्र). बेसवरच्या लीगल असिस्टन्समध्ये फुकट करून मिळते. जनरल पॉवर ऑफ अटर्नी चालेल असं धरून चालू नका, घराचा पत्ता आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. आणि टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासून क्लोजिंग करून देणारी) त्यांना कुठला मजकूर चालतो ते आधी विचारा, नाहीतर तो निघून गेल्यावर समजतं की एक ओळ कमी पडली.

अजून एक, मिस्टरांचं लीगल रेसिडेन्स (कागदोपत्री रहिवासाचं राज्य) टेक्सास-फ्लोरिडा असं काही आहे का? बाहेरच्या राज्याचा विक्रेता दिसला की कोलोराडोत विक्रीच्या २ टक्के किंवा हातात येणारी रक्कम, जे कमी असेल ते, टॅक्सपोटी कापून ठेवतात. तुम्ही त्याच घरात राहताय, तेव्हा डीआर १०८३ फॉर्मवर ते लिहून दिलं की कापत नाहीत. क्लोजिंगच्या टेबलावर नऊ हजार कमी दिसले की लोकांचा चेहरा बघवत नाही.

मुक्ता_स्प्रिंग्स:
टेक्सासच आहे! नोंद केली. छप्पर मागच्या वर्षी गारपिटीनंतर इन्शुरन्समधून नवीन झालंय. बेसमेंटमध्ये रेडॉनची (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) बाहेर काढायची सिस्टिम आहे, घर घेतलं तेव्हापासूनच, पण ती चालू आहे की नाही कसं कळतं? पाइपवर एक वाकडी नळी आहे, त्यातलं लाल पाणी दोन्ही बाजूंना सारखंच दिसतंय.

दारावरची_पाटी:
दोन्हीकडे सारखं म्हणजे पाइपात ओढ नाही, पंखा बंद आहे. आधी स्विच आणि ब्रेकर बघा, तिथे दोष नसेल तर पंखा बदलून घ्या. मग टेस्ट लावा, खिडक्या-दारं आधी १२ तास आणि टेस्टचे निदान ४८ तास बंद, पोरांना सांगून ठेवा. लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (रेडॉनचं माप) खाली आलं की रिपोर्ट डिस्क्लोजरला (घेणाऱ्याला द्यायची घराची लेखी माहिती) जोडून टाका. कोलोराडोत २०२३ पासून रेडॉनची माहिती लेखी द्यावीच लागते, आणि घेणाऱ्याच्या इन्स्पेक्टरला बंद पंखा दिसला की तो बाकीच्या घराकडेही संशयानंच बघतो. छपराचं बिल आणि गॅरंटीचे कागदही त्याच फाइलमध्ये ठेवा.