१ ऑगस्ट: नुसती तारीखच नाही, सालही एकच

लोक सांगतात की १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती एकत्र येते. बरोबर, पण खरी गंमत पुढे आहे: साल पण तेच, १९२०! टिळक गेले मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात. त्याच तारखेला आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. गिरगाव चौपाटीवर टिळकांना पद्मासनात बसवून अग्नी दिला, तेव्हा वाटेगावात बाळाचं कौतुक चाललं असेल, आणि एका ठिकाणची खबर दुसरीकडे कुणाला असणार? आणि असहकार आंदोलनाचा मुहूर्तही तोच दिवस, हे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. गांधीजींनी इंग्रज सरकारनं दिलेलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं तेही १ ऑगस्टलाच.

आमच्या शाळेत त्या दिवशी एका टेबलावर दोन तसबिरी असायच्या, पण हार मात्र बऱ्याचदा एकच आणलेला. मग शिपाईकाका दोऱ्याची गाठ सोडून त्याचे दोन करायचे. भाषणं मात्र सगळी शेंगांच्या टरफलांवरच!

सिनेमावाल्यांसाठी: भगवानदादा (१९१३) आणि मीनाकुमारी (१९३३) यांचाही वाढदिवस हाच.