मदत हवी आहे: वडिलांचं मेडिकल चालू ठेवावं की लायसन्स परत करावं? (जळगाव)

मंडळी, मेडिकल लाइनमधलं कोणी असेल तर जरूर लिहा. बाकीच्यांनीही लिहा, कारण औषधं सगळेच घेतात.

आप्पांचं (वडिलांचं) मेडिकल जुन्या जळगावात, शनिपेठेच्या अंगाला आहे. १९८८ पासूनचं दुकान. आप्पा स्वतः डी. फार्म., त्यामुळे फार्मासिस्टचा पगार कधी द्यावा लागला नाही. मी नाशिकला अकाउंट्सचं काम करते, वर्षाच्या हिशोबाला दुकानाच्या वह्या माझ्याकडेच येतात. यंदा बघितलं तर तोटा नाही, पण दिवसभर काउंटरमागे उभं राहिल्याची आप्पांची मजुरीही सुटत नाही. आमच्या गल्लीतलं दुसरं मेडिकल दिवाळीआधीच बंद झालं. मला वाटलं होतं, त्यांचं गिऱ्हाईक आमच्याकडे वळेल. कुठलं काय.

सगळे एका सुरात म्हणतात की ऑनलाइनने मारलं. वह्यांमध्ये घसरण त्याच्याआधीच सुरू झालेली दिसते. गल्लीतले जुने डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. मुलाने हायवेकडे हॉस्पिटल बांधलं, तळमजल्यावर हॉस्पिटलचं स्वतःचं मेडिकल. पेशंट जिन्यावरून उतरतो तो थेट त्याच काउंटरवर. एका वर्षात आमच्या चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. उरली ती बीपी, शुगर, थायरॉइडची महिन्याची गिऱ्हाइकं. त्यांना गोळीचं नाव पाठ असतं आणि दर महिन्याला तीच लागते, त्यामुळे ॲपवर आणि डिस्काउंटवाल्या साखळी दुकानात आधी तीच गेली. आता आमच्याकडे कोण येतं? अर्धी स्ट्रिप मागणारे, ओआरएस, रात्री नऊला तापाची गोळी, आणि उधारी. खेड्यावरून आलेल्या आजीबाई अजूनही "भाऊ, मांगलीच गोयी दे" म्हणतात आणि आप्पांना ती कोणती हे माहीत असतं. गोळी कधी घ्यायची ते कळावं म्हणून ते स्ट्रिपवर पेनाने सूर्य नाहीतर चांदणी काढून देतात. याचं बिल होत नाही.

आता डिस्काउंट. साखळीवाले बोर्डावर १५ टक्के लिहितात, लोक आप्पांनाही तेवढंच मागतात. मी हिशोब मांडला. सरकारने किंमत बांधून दिलेलं औषध घ्या (डीपीसीओ २०१३ मधलं), एमआरपी १०० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी. कर काढला की ९५.२४. दुकानदाराचं मार्जिन त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के, म्हणजे माल पडतो ८२.१०. आता १५ टक्के सोडून ८५ ला विकला तर कर वजा जाता हातात ८०.९५. एका स्ट्रिपमागे सव्वा रुपयाच्या आसपास घरातून घालायचे, वर लाइट बिल वेगळं. किंमत न बांधलेल्या औषधात रिवाजाने कर सोडून विक्री किमतीवर २० टक्के मिळतात, तिथे १५ सोडूनही पावणेपाचेक रुपये उरतात. पण गिऱ्हाइकाला यातलं कोणतं औषध कोणत्या खात्यातलं हे कसं समजावणार? तो म्हणतो, "समोरचा देतो ना!"

(२२ सप्टेंबर २०२५ ला औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला. गिऱ्हाइकाला बरंच झालं. आमच्याकडे १२ ने घेतलेला माल त्या दिवशीपासून ५ ने विकायचा होता, खरेदीत भरलेल्या जास्तीच्या कराचं क्रेडिट लेजरमध्ये पडून. तो महिना आठवला तरी डोकं उठतं.)

आता एक जण "लायसन्ससकट दुकान द्या, आप्पांचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लागलेलं राहू द्या, महिन्याला पैसे पाठवतो" म्हणतोय. आप्पा ६६ वर्षांचे आहेत, मोह होतोय. हे चालतं का? आणि जनऔषधी केंद्र (सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान) करावं का?

धुळेकर_केमिस्ट
ताई, सर्टिफिकेटचं आधी सांगतो: अजिबात नको. फार्मसी ॲक्ट १९४८ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. आप्पा घरी आणि सर्टिफिकेट भिंतीवर, अशात एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) तपासणी आली किंवा एखाद्याला चुकीची गोळी गेली, तर नाव आप्पांचं. लायसन्स विकताही येत नाही. फर्मची घटना (मालकी, भागीदारी) बदलली की जुनं लायसन्स फार तर ३ महिने धरतात, तेवढ्यात नवीन घ्यावं लागतं. घेणाऱ्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फार्मासिस्टवर काढावं. तुम्ही गाळा, फर्निचर, फ्रिज विका.
बंद करायचं ठरलं तर आधी खरेदी थांबवा आणि माल स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) परत लावा. बिल आणि बॅच जुळली पाहिजे. कापलेली स्ट्रिप कोणी घेत नाही, आणि एक्स्पायरीचा नियम कंपनीगणिक वेगळा. शेड्यूल एच१ चं (ज्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्यांचं) रजिस्टर फेकू नका, ३ वर्षं सांभाळायचं असतं.

परदेशी_खान्देशी
मी न्यू जर्सीत असतो. इथेही हेच. राइट एड या मेडिकल साखळीची दुकानं २०२५ मध्ये सगळी बंद झाली, वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीने २०२४ मध्ये ३ वर्षांत सुमारे १२०० दुकानं बंद करणार म्हणून जाहीर केलं. पण इथलं कारण ऐका. औषधाचे बहुतेक पैसे विमा देतो आणि मध्ये पीबीएम नावाचे दलाल बसलेत. कोणत्या गोळीचे दुकानाला किती द्यायचे ते तेच ठरवतात. कधी खरेदीपेक्षाही कमी देतात, आणि दलालांतल्या मोठ्यांची स्वतःची घरपोच औषधांची दुकानं आहेतच. लहान केमिस्टने भांडायचं कोणाशी?

धुळेकर_केमिस्ट
आपल्याकडे हॉस्पिटलबाहेर घेतलेल्या औषधाला विमा कुठे मिळतो भाऊ, पेशंट खिशातूनच देतो. आपल्याकडे दाबतो तो चिठ्ठी लिहिणारा आणि एकगठ्ठा माल उचलणारा. साखळीवाला कंपनीकडून थेट घेतो, स्टॉकिस्टचे ८-१० टक्के त्याचे वाचतात. वर स्वतःच्या लेबलचा माल पुढे करतो, त्यात एमआरपी आणि खरेदीत भलं मोठं अंतर. १५ टक्क्यांचा बोर्ड त्यावर चालतो.
ऑनलाइनचं तर नियमांचा मसुदा २०१८ ला आला तो मसुदाच राहिला. कोविडमध्ये मार्च २०२० ला घरपोच द्यायची सूट निघाली, तिच्यावर ॲपवाले गाडी हाकतात. केमिस्टांच्या संघटनेने २०१७ आणि २०१८ ला देशभर बंद पाळले. एक दिवस शटर खाली, दुसऱ्या दिवशी ॲप चालूच.

केळीवाला_रावेर
कडू बोलतो, राग मानू नका. मी ॲपवरूनच घेतो. आईच्या गोळ्या महिन्याला अडीच हजाराच्या, त्यात चार-पाचशे सुटतात. गावातल्या मेडिकलवाल्याने कधी दहा रुपये सोडले नव्हते, ॲप आल्यावर सोडायला लागला. मग इतकी वर्षं काय केलं? फक्त इन्सुलिन दुकानातून घेतो. मे महिन्यात इथे ४५ च्या वर पारा जातो आणि पार्सल कुठल्या टेम्पोत पडून होतं ते मला कोण सांगणार? २ ते ८ डिग्रीत राहिलं पाहिजे म्हणतात.

धागाकर्ती
केळीवाले दादा, राग नाही. चार-पाचशे रुपये म्हणजे तुमच्या घरातला खरा पैसा आहे. आप्पांनाही हेच सांगते, त्यांना मात्र अजून वाटतं की गिऱ्हाइकाने ओळखीवर यावं.
धुळेकर दादा, सर्टिफिकेटचा विषय संपला, आजच त्या माणसाला नाही कळवते.

भुसावळ_जंक्शन
गाळा स्वतःचा की भाड्याचा? सगळं त्यावर आहे.

धागाकर्ती
स्वतःचा. म्हणून तर तोटा दिसत नाही.

भुसावळ_जंक्शन
मग वहीत भाडं धरा. त्या गल्लीत मोबाइलवाला किंवा कपडेवाला जे भाडं देईल तेवढा खर्च दुकानाच्या नावे टाका आणि मग बघा. माझ्या चुलत्याचं असंच झालं. धंदा नफ्यात आहे असं दहा वर्षं वाटत होतं, खरं तर गाळाच त्यांना पोसत होता.
जनऔषधीत मार्जिन २० टक्के आहे आणि किमती मुळातच कमी, त्यामुळे डिस्काउंटची घासाघीस नाही. पण स्ट्रिपच स्वस्त म्हटल्यावर २० टक्के कशाचे, तेही बघा. गर्दी असेल तरच पुरतं, म्हणजे सिव्हिलजवळ किंवा स्टँडजवळ. शनिपेठेत आतल्या गल्लीत मला शंका आहे.

धागाकर्ती
भाडं धरून बघितलं. आकडा उणे आला, आणि बराच.
रविवारी जळगावला जाऊन आप्पांसमोर वही ठेवते. फ्रिजचा इन्व्हर्टर चांगला आहे, इन्सुलिनची गिऱ्हाइकं अजून टिकून आहेत. त्यामुळे दुकान निम्मं करून पुढचा अर्धा गाळा भाड्याने द्यावा असा एक विचार आला. किरकोळ लायसन्सला किमान १० चौरस मीटर जागा लागते, तेवढी मागे उरते. असं कोणी केलंय का? जागेत बदल म्हणून एफडीएकडे नवा नकाशा द्यावा लागतो का, आणि त्या काळात दुकान बंद ठेवायला लावतात का? धुळेकर दादा, सवडीने सांगा.