मदत हवी आहे : इंग्रजी वाक्यात 'व्हिच' नेमका ठेवायचा कुठे?

अडकित्ता
हू, व्हिच, दॅट असलेली माझी वाक्यं साहेबांकडून लाल होऊन परत येतात. तपासणीचं सॉफ्टवेअर मात्र गप्प. रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे या शब्दांनी सुरू होणारा, नामाबद्दल सांगणारा वाक्याचा तुकडा, कुठे ठेवायचा याचा एकच पक्का नियम सांगा. आज रात्री पाठवायचंय. "वाचन वाढवा" कृपया नको.

निवांत
वाचन वाढवा. :)

खडूफळा
वाक्य कुठे आहे? नाडी न बघता औषध कसं देणार?

अडकित्ता
साधंच आहे हो. 'द रिपोर्ट वॉज सेंट टु द मॅनेजर व्हिच वॉज इनकम्प्लीट.' शेजारी शेरा: "मॅनेजर अपुरा?"

खडूफळा
साहेब मिश्कील आहेत, पण बरोबर आहेत. 'व्हिच' दिसला की वाचणारा आधी मागचं सगळ्यात जवळचं नाम पकडतो. तिथे तुमचा मॅनेजर उभा. क्लॉज उचलून रिपोर्टला चिकटवा: 'द रिपोर्ट व्हिच वॉज इनकम्प्लीट वॉज सेंट टु द मॅनेजर.'

दोनटिंबं
स्वल्पविराम खाल्लेत तुम्ही.

खडूफळा
खाल्ले नाहीत, थांबलोय. अडकित्ता, रिपोर्ट एकच होता की जास्त?

अडकित्ता
त्याचा इथे काय संबंध?

दोनटिंबं
सगळा संबंध तिथेच आहे. एकच असेल तर 'अपुरा होता' ही जाता जाता दिलेली माहिती, म्हणून क्लॉजच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. अनेकांपैकी अपुरा होता तोच पाठवला असेल तर स्वल्पविराम नाही, आणि मग दॅटही चालतो. स्वल्पविराम देऊन दॅट मात्र लावू नका.

मीच_तो
मी आधी मराठीत जो-तो लावून वाक्य करतो, मग इंग्रजी. कधी चुकत नाही.

खडूफळा
अहो, घोळ तिथूनच येतो! 'जो अपुरा होता तो रिपोर्ट पाठवला', 'तो रिपोर्ट पाठवला जो अपुरा होता', दोन्ही चालतं, कारण आपला 'तो' नामाला धरून ठेवतो. इंग्रजीत असा 'तो' नाही, म्हणून जागा सांभाळावी लागते. शिवाय जो-तोच्या सवयीनेच 'द बुक व्हिच आय बॉट इट' होतं. त्यातला 'इट' फालतू.

मीच_तो
चिकटवायलाच हवं असं काही नाही. 'समवन इज हिअर हू वॉन्ट्स टु सी यू' चूक आहे का?

खडूफळा
चूक नाही. मधे दुसरं नामच नाही, तर 'हू' जाणार कुठे?

शुद्धपक्ष
रिपोर्ट कशाला, अहवाल म्हणा की. आणि तो रिपोर्ट की ते रिपोर्ट?

निवांत
तो. आता नवीन धागा काढा.

ताईसाहेब
हू आणि हूम मधला फरक कुणी सांगितलाच नाही. टु, विथ, फॉर यांच्या लगेच पुढे आलं तर हूम. 'द मॅन टु हूम आय स्पोक.' बोलताना सगळे 'द मॅन आय स्पोक टु' म्हणतात.

अडकित्ता
ताई, हूम माझ्या वाक्यात नाहीच. तीन रिपोर्ट होते, त्यातला एक अपुरा, तोच गेला.

दोनटिंबं
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत! मग स्वल्पविराम नको.

आखूडशिंगी
क्लॉज हवाच कशाला? 'द इनकम्प्लीट रिपोर्ट वॉज सेंट टु द मॅनेजर.' आठ शब्द, भांडण खलास.

खडूफळा
या वाक्यापुरतं हेच उत्तम. पण 'जो मागच्या आठवड्यात परत आला होता' असं म्हणायचं झालं तर विशेषणात कोंबता येणार नाही.

अडकित्ता
आखूडशिंगींचं पाठवलं. आता खाली हे आहे: 'द पेजेस ऑफ द रिपोर्ट व्हिच आर मिसिंग.' रिपोर्ट हरवला असा अर्थ होतो का?

दोनटिंबं
नाही, 'आर' आहे म्हणून पानंच हरवली. 'पेजेस'च्या जागी 'पेज' असतं तर 'इज' आला असता, आणि मग पान की रिपोर्ट ते कळलं नसतं.

अडकित्ता
पानच आहे. एकच. घाईत 'पेजेस' लिहिलं.

खडूफळा
अरे देवा.