रुंद स्कीवर बाइंडिंग कुठे बसवलंत? अनुभव लिहा

भाट्येकर (रत्नागिरी)

यंदाच्या गुलमर्गसाठी पहिल्यांदाच रुंद स्की घेतल्या. १८४ सें.मी. लांब, कमरेत (मधल्या अरुंद भागात) १०२ मि.मी., आत टिटॅनलचे (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) थर, पुढे बऱ्यापैकी रॉकर (टोकाकडचा वरचा बाक) आणि मागे नावापुरता. कोऱ्या आहेत, अजून एकही भोक नाही. बूट स्कीला अडकवणारी बाइंडिंग वेगळी मागवली होती, तीही आली. रत्नागिरीत ती बसवून देणारं दुकान नाही, हे काय वेगळं सांगायचं!

स्कीवर कंपनीची रेघ आहे. बुटाच्या कडेला मध्यावर जी बारीक खूण असते ती या रेघेवर आणायची, हा सरळ मार्ग. पण कोणी म्हणतं १-२ सें.मी. पुढे घे, कोणी म्हणतं पावडरसाठी (ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी) मागे घे. आधी मी मोजून घेतलं. टेप टोकापासून शेपटीपर्यंत सरळ ताणली तर १८२.४ भरली (छापलेली लांबी टेपवर तशीच्या तशी मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नये). अर्धे ९१.२. शेपटीपासून रेघ ८२ वर. म्हणजे रेघ खऱ्या मध्याच्या ९.२ सें.मी. मागे. लोक 'उणे नऊ' म्हणतात ते हेच. उड्या-कसरतींच्या पार्कमधल्या दोन्ही टोकं वर वळलेल्या स्की साधारण उणे ० ते ४ असतात, जुन्या वळणाच्या उणे १० ते १२. माझी दुसऱ्या घराण्याच्या जवळची.

कोकणातले आणि कोकणातून बाहेर गेलेले जे कोणी स्की करत असाल त्यांनी लिहा. नुसतं 'रेघेवर ठेव' नको. स्की कुठली, बर्फ कुठला, तुम्ही उभे कसे राहता आणि जागा हलवल्यावर नेमकं काय बदललं, ते हवं आहे.

चिपळूण ते इन्सब्रुक

माझ्याकडे याचं उत्तर थोडं फसवं आहे, कारण माझ्या स्कीवर रुळावर सरकणारी डेमो बाइंडिंग आहे. पुढचा आणि मागचा भाग दोन्ही सरकतात, म्हणून भोक न पाडता जागा बदलता येते. स्की कमरेत १००, रेघ उणे ८.५. श्टुबाय हिमनदीवर एका थंड, कोरड्या दिवशी एकच उतार धरला आणि लिफ्टच्या वरच्या टोकाला पोचलो की बाइंडिंग सरकवायची, असा उद्योग केला. बरोबरचा ऑस्ट्रियन मित्र वैतागून खाली कॉफी प्यायला गेला.

रेघेपासून २ सें.मी. पुढे: वळण सुरू करायला काही करावंच लागत नाही. नडगीचा दाब थोडा दिला की टीप (स्कीचं पुढचं टोक) आत येते, लहान वळणं एकामागून एक पडतात. उभ्याउभ्या स्की फिरवणंही हलकं वाटतं, कारण पायाच्या पुढचं आणि मागचं वजन जवळजवळ सारखं होतं. पण वळण संपताना शेपूट सोडत नाही. ती बर्फात रुतून राहते आणि पुढच्या वळणाला उशीर होतो. वेग वाढवला की पुढे स्कीच कमी आहे असं वाटायला लागलं, आणि नडगी जोरात दाबली तर टोकावरून पुढे जातोय की काय अशी धाकधूक.

२ सें.मी. मागे: मोठी लांब वळणं, खडबडीत बर्फ, वेग, सगळं शांत. पण त्याच उताराच्या शेवटी मोगल (बर्फाचे उंचवटे) आहेत, तिथे ती स्की फिरवायला अंगातला जोर जातो. शिवाय थकून जरा जरी मागे रेललं तरी टीप लगेच बेफिकीर होते.

रेघेवर: लिहिण्यासारखं काही नाही, आणि हेच तिचं कौतुक.

१ सें.मी. हलवलं की मला कळतं. अर्धा सें.मी. हलवून मित्राला सांगितलं असतं तर मीही छातीठोकपणे 'फरक पडला' म्हटलं असतं, पण डोळे बांधून ओळखता आला नसता.

डेमो बाइंडिंगचे तोटेही सांगतो. ती जड असते, पायाखाली उंची थोडी वाढते, जुनी झाली की रुळात किंचित खेळ येतो. आणि जागा बदलताना दोन्ही भाग सारखे सरकले का, बुटावरचा मागून पुढे येणारा दाब खुणेत आहे का, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं. ते नीट बघणार नसाल तर या फंदात पडू नका.

हर्णैची

मी सॉल्ट लेक सिटीत असते, स्की बहुतेक आल्टाला. तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट सगळ्यांकडून सुटते, ती म्हणजे बुटाचं माप. बुटाच्या टाचेजवळ मिलीमीटरमध्ये तळाची लांबी छापलेली असते. माझी २७५. भाट्येकरांची ३१५ च्या आसपास असेल.

आपण बुटाचा मध्य रेघेवर आणतो, पण दाब देतो तो चवड्याने. बूट जितका लांब तितका चवडा मध्यापासून जास्त पुढे. त्यामुळे त्याच रेघेवर उभं राहूनसुद्धा माझा चवडा स्कीच्या कमरेच्या संदर्भात तुमच्यापेक्षा मागे येतो. चवड्याची जागा स्कीच्या बर्फाला टेकणाऱ्या भागाच्या मध्यावर आणायची, अशी मोजायची एक पद्धत खूप आधीपासून आहे. लहान पावलांच्या बायकांना 'थोडं पुढे बसवा' सांगतात त्यामागे मोठं कारण हेच आहे.

माझी स्की १६८, कमरेत ९८. दीड सें.मी. पुढे बसवली. आधी झाडांमधून जाताना मी स्की ओढत होते, आता ती बरोबर येते. रात्रभर बर्फ पडून गुडघाभर साचला की मात्र टीप खाली जायला बघते, तेव्हा नडगीवरचा दाब कमी करून मधोमध उभं राहावं लागतं. तसे दिवस मोजके, झाडं रोजची. मला हा सौदा मान्य आहे.

पण मी पुढे घेतली म्हणून तुम्ही घेऊ नका हं. मोठा बूट असेल तर माझं कारण तुम्हाला लागूच होत नाही.

तांडेलाचा नातू

हिवाळाभर निसेकोला हॉटेलात नोकरी, उरलेलं वर्ष दाभोळला. तिथला बर्फ वेगळा. सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून ओल उचलून येते आणि होक्काइडोवर हलकाफुलका बर्फ टाकत बसते, दिवसच्या दिवस. तिथे माझी स्की ११२ ची आणि बाइंडिंग रेघेच्या १ सें.मी. मागे.

होडीत सगळे पुढे बसले की टोक लाटेत शिरतं, एवढं कळायला स्की यावी लागत नाही. मागे सरकवली आणि टीप तरंगायला लागली. दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या ते कमी झालं, कारण टीप वर ठेवायला मागे रेलून बसावं लागत नाही.

पण दादा, तुझी रेघ आधीच उणे नऊच्या मागे आहे. त्यात अजून मागे गेलास तर गुलमर्गला तळाच्या जंगलात काय करशील? माझी रेघ उणे ६ ची होती, म्हणून मला मागे जायला जागा होती. लोक नुसतं 'मी १ मागे घेतली' लिहितात आणि कशापासून १ मागे ते लिहीत नाहीत. त्या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही.

निवृत्त, सावंतवाडी

माका इचारशीत तर रेघ सोडू नको.

गुलमर्गला लष्कराच्या शाळेत शिकलो तेव्हा अरुंद, सरळ स्की हातात मिळायच्या. बाइंडिंग कुठे बसवली आहे हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आता पोरं रुंद स्की घेऊन येतात, घाबरून मागे बसतात आणि म्हणतात जागा चुकली. आधी नडगी बुटाच्या जिभेला लागते का बघ. लागत नसेल तर पुढे-मागे करून काही व्हायचं नाही.

गुलमर्गचं म्हणशील तर गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला वर गेलास की साडेतीन हजार मीटरच्याही वर असतोस. तिथे वाऱ्याने थापटलेला कडक बर्फ मिळतो, मधल्या खोबणींत पावडर, आणि खाली बाबा रेशीकडे उतरताना झाडीत जड, ओला बर्फ. एकाच उतरणीत तीन तऱ्हा. एका तऱ्हेसाठी जागा हलवलीस तर उरलेल्या दोन रडवतील.

भाट्येकर

काका, नडगी लागते. शिकलो गुलमर्गच्याच सरकारी संस्थेत, भाड्याच्या अरुंद स्कीवर, त्यामुळे पुढे दाबायची सवय आहे. उभं राहून फिरवणाऱ्यांतला मी नाही. हर्णैची, बूट ३१७ आहे, अंदाज बरोबर.

देवगडचा

दुकानात बसवून घेणार असाल तर तिथे उभे राहा, एवढंच सांगतो. एका थंड हवेच्या गावातल्या दुकानाने माझ्या डाव्या आणि उजव्या स्कीत ७ मि.मी.चा फरक ठेवला. पट्टी लावून दाखवलं तर म्हणाले, एवढं चालतं. आणि तो दुरुस्तही होईना, कारण नवं भोक जुन्यापासून मध्य ते मध्य निदान १ सें.मी. दूर हवं, नाहीतर मधलं लाकूड स्क्रू धरत नाही. ७ मि.मी. म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. शेवटी भोकांची मांडणी वेगळी असलेली दुसरीच बाइंडिंग घेतली, जुनी भोकं प्लग आणि गोंदाने बुजवली.

गुडघा सांभाळा

पुढे-मागे याने एक गोष्ट बदलत नाही. रुंद स्कीची एज (तळाच्या कडेची पोलादी धार) पायाच्या मध्यापासून लांब असते, म्हणून कडक बर्फावर तिला एजवर उभं करायला आणि तिथे धरून ठेवायला घोट्या-गुडघ्याला जास्त काम पडतं. सकाळी गोठलेल्या उतारावर गुडघा कुरकुरला तर बाइंडिंगला दोष देऊ नका. अरुंद स्की घाला, नाहीतर ऊन चढेपर्यंत चहा घ्या.

इंजिनरूम (गुहागर)

जहाजावर असतो, सुट्टीत घरी. माझ्या आणि दोन मित्रांच्या स्कीवर बाइंडिंग घरीच बसवली आहे. कुठे बसवायची ते वर सगळ्यांनी लिहिलं. पण जागा ठरवणं एक आणि भोक नेमकं तिथे पडणं दुसरं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिटॅनल आहे म्हणजे ड्रिल ४.१ मि.मी.चं. धातू नसेल तर ३.६. खोली ९ मि.मी., आणि त्यासाठी बिटावर खांदा असलेलं स्कीचंच बिट घ्या. चिकटपट्टी गुंडाळून खूण करणारे बहाद्दर आहेत, पण ती पट्टी सरकते आणि भोक तळातून बाहेर येतं. धातूच्या स्कीत आटे पाडून घ्यावे लागतात, टॅप १२ एबी. नाहीतर स्क्रू पत्र्याला वर उचलतो आणि बाइंडिंगखाली फुगवटा येतो.

कागदी टेम्प्लेट वापरणार असाल तर छापल्यावर आधी पट्टीने मोजा. प्रिंटर हळूच ९७ टक्क्यांवर छापतो आणि सांगत नाही. स्कीची मध्यरेषा एका ठिकाणी काढून भागत नाही. कमरेत तीन-चार जागी कॅलिपर लावून मध्य काढायचे आणि ते जोडायचे. मग टेम्प्लेट, मग पंच, मग ड्रिल. स्टँडवरचं ड्रिल असेल तर उत्तम, कारण हातात ते किंचित कलतंच. आधी फक्त पुढचा भाग बसवा, बूट अडकवा, बुटाची खूण रेघेवर आली का बघा, आणि त्यानंतरच मागची भोकं.

स्क्रूचा माथा पोझिड्राइव्ह ३ नंबरचा असतो. तो साध्या चौफुलीसारखा दिसतो, पण साधा स्क्रू-ड्रायव्हर लावला की घसरून माथा खाल्ला जातो. भोकात पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद थेंबभर, म्हणजे ओल आत शिरत नाही. अराल्डाइट भरलंत तर पुढे काढताना सोल्डरिंग आयर्नने स्क्रूचा माथा तापवावा लागेल.

आणखी एक. पुढे बूट बदललात आणि नुसता मागचा भाग सरकवून जुळवलंत, तर मध्यही हलतो, फरकाच्या निम्म्याने. ३१७ वरून ३०७ वर आलात तर तुम्ही आपोआप ५ मि.मी. पुढे. हे धरून आज रेघेवरच राहा असं माझं म्हणणं. पुढे-मागे जायची मुभा तेव्हा लागेल.

पडल्यावर बाइंडिंगमधून पाय सुटायचा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक स्की करता यावरून तक्त्यात मिळतो. पण स्प्रिंग खरोखर त्या आकड्याला सुटते का ते यंत्रावरच कळतं. यंत्र असलेल्या दुकानात एकदा तपासून घ्याच, इथे काटकसर नको.

हर्णैची

आणि पावसाळ्याचं? आमच्या घरी ठेवलेल्या जुन्या स्कीच्या एज एका जूनमध्ये तांबड्या झाल्या होत्या.

इंजिनरूम (गुहागर)

आपल्या खाऱ्या हवेत होणारच. मे संपायच्या आत तळाला जाड मेण लावायचं, ते एजवरूनही ओघळू द्यायचं आणि खरवडायचं नाही. बाइंडिंगच्या आत तेल मारू नका, त्यातलं मूळचं ग्रीस धुऊन जातं. स्की कपाटात, भिंतीला न टेकवता.

भाट्येकर

ठरलं. रेघेवर, उणे ९.२. पुढे दाबायची सवय, मोठा बूट आणि मिश्र बर्फ, तिन्हींचं उत्तर तेच येतंय. मागे जायचा विचार तांडेलाच्या नातवाने सोडायला लावला. कागदी टेम्प्लेटवर माझा जीव धजत नाही. इंजिनरूम, तुमच्याकडे स्टँडचं ड्रिल आहे का?

इंजिनरूम (गुहागर)

आहे. पुढच्या महिन्यात जहाजावर जातोय, त्याआधी ये. जयगडहून तवसाळची फेरीबोट घे, वळसा वाचेल. बूट दोन्ही आण, लोक एकच घेऊन येतात. बाइंडिंगचे ब्रेक (पाय सुटल्यावर स्की थांबवणारे) किती रुंदीचे आहेत?

भाट्येकर

११०.

इंजिनरूम (गुहागर)

१०२ ला बरोबर. ९० चे असते तर आधी ते बदलायला सांगितलं असतं.